काम आहे, हात चालतात, खरं झोप नाही : स्वतःचं काम करणाऱ्या कारागिरांच्या डोक्यावरचा ताण

रंदा_पटाशी (अनगोळ)

मंडळी, हा विषय काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात आपली किती माणसं स्वतःच्या हातावर उभी आहेत. सुतार, गवंडी, वायरमन, प्लंबर, पेंटर, वेल्डर, लेथवाले. आमच्यात कंबर धरली तर माणूस सांगतो, बोट कापलं तर दाखवतो. रात्री तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत छाती धडधडते, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून इथं लिहितोय.

मी फर्निचरचं काम करतो. काम भरपूर आहे, हे आधीच सांगतो, कारण लोकांना वाटतं काम नसलं की ताण येतो. तीनला जाग आली की डोक्यात हे चालतं. किचनच्या ट्रॉल्यांना चॅनलच्या सहा जोड्या धरल्यात, लागणार आठ. कोटेशन दिलं तेव्हाचा प्लायवूडचा दर आज राहिलेला नाही. वाढवून सांगावं तर गिऱ्हाईक म्हणणार, ‘मिस्त्री, ठरलं होतं की.’ न सांगावं तर माझ्या मजुरीतनं जाणार. शनिवारी हाताखालच्या पोरांचा पगार. तो ज्या घरातनं यायचा, तिथं वास्तुशांत होऊन माणसं राहायला पण गेली, खरं शेवटचा हप्ता ‘एक दार जरा घासतंय, तेवढं करून द्या, मग बघू’ यावर अडकलाय. लाकडाचं दार पावसाळ्यात फुगतं, थंडीत सुटतं. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.

कंपनीत खरेदीचं खातं वेगळं, हिशेबाचं वेगळं, तक्रारीचं वेगळं. आमची सगळी खाती एकाच मोबाईलवर, आणि ती पण मी शिडीवर असताना. फोन उचलला नाही तर ‘मिस्त्री पळाला’, उचलला तर हातातलं माप चुकतं. अलीकडं नुसती रिंग वाजली तरी पोटात गोळा येतो, मग तो फोन मेहुण्याचा का असेना.

माझं विचारणं सरळ आहे. हे फक्त पैशाचं दुखणं आहे का? उधारी मिटली की आपोआप जातं का? का याला वेगळं औषध लागतं? कुणी डॉक्टरला दाखवलंय का? ज्याला जेवढं सांगवेल तेवढं सांगा. गिऱ्हाइकांची, कंपन्यांची नावं नकोत, भांडण लावायचं नाही.

गवंडी_काका (हिंडलगा)

पोरा, बरं केलंस लिहिलंस. माझं मत विचारशील तर हे पैशाचंच दुखणं. घरमालक हातावर पैसे ठेवतो त्या रात्री झोप लागते, नाही ठेवले तर नाही लागत. आमच्या उमेदीत स्लॅब पडला की त्याच दिवशी जेवण आणि संध्याकाळी हिशेब. मालक समोर उभा असायचा. आता मालकाच्या खाली आर्किटेक्ट, त्याच्या खाली कॉन्ट्रॅक्टर, त्याच्या खाली सबकॉन्ट्रॅक्टर, आणि सगळ्यांच्या खाली गवंडी. मालक म्हणतो मी दिले, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मला आलेच नाहीत. कुणाच्या दारात उभं राहायचं तेच कळत नाही.

आणि गोळ्यांचं म्हणशील तर मला भीती वाटते. परांचीवर चढणाऱ्या माणसानं झोपेची गोळी घेऊन कसं चालेल? एक पाय चुकला की संपलं.

उद्यमबाग_लेथ

काकांचं पहिलं म्हणणं आमच्या शेडात पण खरं आहे. आमचं टर्निंग-बोअरिंगचं जॉब वर्क. कास्टिंग पार्टीचं, मशीन आमचं. सगळ्यांना वाटतं उद्यमबागेत कारखाना आहे म्हणजे मजा आहे. कारखाना म्हणजे दोन लेथ, एक ड्रिलिंग आणि मी.

बोअर, म्हणजे आतलं भोक, ०.०२ मिलिमीटरनं मोठा झाला की पीस रिजेक्ट. रिजेक्ट झाला की आमची मजुरी तर जातेच, वर कास्टिंगची किंमत पण डेबिट नोट काढून आमच्या बिलातनं कापतात. म्हणजे एका पीसवर मिळणार थोडे, जाणार त्याच्या कितीतरी पट. लॉट गेला की तो पार्टीच्या इन्स्पेक्शनमधून पास होऊन येईपर्यंत जीव तिथंच असतो. बिल पास झालं तरी पैसे नव्वद दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. इन्सर्टवाला (कापायच्या टूलची टोकं विकणारा) उधार देत नाही, लाइटबिल थांबत नाही, जीएसटी तर पैसे हातात यायच्या आधी भरायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कायदा आपल्या बाजूनं आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात स्पष्ट लिहिलंय, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्या-महिन्याला चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) असेल तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार घालता येते. आता आयकर कायद्यात पण बदल झालाय. १९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम ते. मुदत टळली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्या पार्टीला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. हे आल्यापासून मार्चच्या तोंडावर काही पार्ट्या स्वतःहून फोन करून पैसे देतात. हा फरक मी डोळ्यांनी बघितला.

खरं तक्रार घालायला हात धजत नाही. एका पार्टीवर माझं निम्मं काम आहे. तक्रार घातली तर व्याज मिळेल, काम जाईल. कायदा कागदावर आणि भीती पोटात, तिथंच डोकं फुटतं.

शहापूरची_वहिनी

मी स्वतः कारागीर नाही. माझे मिस्टर वायरिंगची कामं घेतात, हिशेबाची वही माझ्याकडं. त्यांना विचारून लिहितेय.

काका, तुमचा मान राखून सांगते, आमच्याकडं पैसे आले तरी झोप आली नाही. एका दिवाळीच्या आधी सगळी उधारी वसूल झाली. वहीत कुणाच्याच नावापुढं बाकी उरली नव्हती. मला वाटलं आता घरात जरा बरं वाटेल. ते जेवायला बसले, भाकरी मोडली आणि ताट तसंच ठेवून उठले. वडगावात एका घराचं अर्थिंग आपण नीट जोडलं का नाही, अशी शंका आली म्हणाले. रात्रीच गाडी काढून बघून आले. नीट होतं. दुसऱ्या रात्री परत तीच शंका. त्या घरात लहान लेकरं आहेत, कुणाला शॉक लागला तर, कूलरला हात लावला तर. परत निघाले तेव्हा मी गाडीची किल्ली काढून घेतली, तर हा माणूस ओट्याला टेकून रडला. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं की हे उधारीचं राहिलेलं नाही. उधारीनं सुरुवात झाली असेल, खरं आता ते आपलं आपण चालायला लागलंय.

आम्ही डॉक्टरला दाखवलं. आधी साध्या डॉक्टरला, त्यांनी मनोविकार तज्ज्ञांकडं पाठवलं, तिथं गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस काहीच फरक नव्हता, उलट मळमळ होत होती, हे म्हणत होते बंद करू. मी म्हटलं डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. हळूहळू जेवण सुधारलं, मग झोप. शंका अजून येते, खरं ते आता कामाच्या जागीच चेकलिस्ट करून घरमालकासमोर टेस्टर लावून दाखवतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि घरी आल्यावर फोटो बघून गप्प बसतात. ही फोटोची सवय डॉक्टरांनी नाही सांगितली, त्यांनी स्वतः काढली. सुरुवातीला फोटो पण पुन्हा पुन्हा बघायचे, आता एकदा बघतात.

आणखी एक लिहू का? फोन घरच्या बाईला पण येतात. ‘वहिनी, मिस्त्री फोन उचलत नाहीत, तुम्ही सांगा.’ मी काय सांगणार? माणूस खोलीत पाठ करून पडलेला असतो आणि मी दारात ‘साइटवर गेलेत’ म्हणून सांगते.

रंदा_पटाशी

वहिनी, तुमच्या दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. ‘आपलं आपण चालायला लागलंय’ हे वाचून थांबलो. माझं पण तसंच असावं.

सिस्टर_खानापूर

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. गवंडी काकांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो अगदी योग्य प्रश्न आहे आणि बहुतेक लोक तो डॉक्टरला विचारतच नाहीत.

काका, उदासीनतेवरची (डिप्रेशनवरची) गोळी आणि झोपेची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी. उदासीनतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांची झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, म्हणून वहिनींच्या मिस्टरांना आधी फरक वाटला नाही. मनानं बंद करायच्या नाहीत, कमी करताना डॉक्टर हळूहळू करतात. काही गोळ्यांनी पेंग येते हे खरं आहे. म्हणून डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: ‘मी परांचीवर काम करतो’, ‘मी लाइनवर काम करतो’, ‘मी कटर चालवतो’. मग ते तशी गोळी आणि तशी वेळ देतात. न सांगता मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी खाऊन परांचीवर चढणं, हे धोक्याचं.

आणि प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. बऱ्याच जणांना बोलून, झोपेची शिस्त लावून बरं वाटतं. मग दाखवायचं कधी? दोन आठवडे होऊन गेले, जवळजवळ रोज मन खिन्न आहे किंवा आवडीच्या कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली, चिडचिड वाढली, कामात लक्ष लागत नाही, तर दाखवायचं. आपल्या कारागिरांमध्ये हे ‘मन उदास आहे’ म्हणून येत नाही. पाठ दुखते, पित्त होतं, डोकं जड होतं, हाताला मुंग्या येतात म्हणून येतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि माणूस आणखी घाबरतो.

वेल्डिंगवाल्यांसाठी मुद्दाम एक. रॉडच्या धुरात मॅंगनीज असतं. बंद शेडमध्ये वर्षानुवर्षं तो धूर घेतला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हात थरथरणं, चिडचिड, स्वभावात बदल असं दिसू शकतं. तेव्हा डॉक्टरला काम काय करता ते सांगाच, आणि शेडला एक्झॉस्ट लावा.

आकडे एकाच अहवालातले देते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले ४२,००४ रोजंदारीवरचे आणि २०,२३१ स्वतःचा काम-धंदा करणारे. आपला गवंडी मिस्त्री यातल्या कुठल्या रकान्यात गेला असेल, ते नोंद करणाऱ्यावर. दोन्ही रकाने आपलेच आहेत.

चोर्ला_पलीकडे

मी जांबोटीकडचा, प्लंबिंगची कामं गोव्यात घेतो. आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला घरी. खोलीवर आम्ही चौघं, चारी बेळगाव-खानापूरकडचे.

आमच्यात ताणावरचं औषध म्हणजे संध्याकाळची बाटली. गोव्यात ती स्वस्त. थकून आलं, थोडी घेतली, पटकन झोप. दोन-अडीचला टक्क जाग, मग घाम आणि विचार. सकाळी पाना धरताना हात हलतो. सिस्टर, याचा पण काही संबंध असतो का?

घरी फोन लावला की बायको म्हणते सगळं बरं आहे, मी म्हणतो सगळं बरं आहे. दोघं पण खोटं बोलतो. पावसाळ्यात वाटेतला चोर्ला घाट बंद पडला की तेवढं पण नाही.

सिस्टर_खानापूर

दादा, सरळ संबंध असतो. दारूनं झोप पटकन लागते, खरं रात्रीच्या दुसऱ्या भागात ती झोप मोडते. मग सकाळची धडधड शांत करायला संध्याकाळी जास्त लागते. उदासीनता असेल तर दारूनं ती वाढतेच. रोज आणि बरीच घेत असाल तर मात्र एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला भेटा. एकदम सोडल्यावर झटके येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. हात हलतो म्हणालात, म्हणून हे ठासून सांगते.

निपाणीचा_वेल्डर

ग्रिल, गेट, शटरचं काम. लेथवाल्या भावांना कंपनीची उधारी, आम्हाला हप्त्यांची.

नवीन मशीन घ्यायला मायक्रोफायनान्स कंपनीकडनं बायकोच्या नावावर गटाचं कर्ज काढलं. एका गटाचा हप्ता फेडायला दुसऱ्या गटाचं. हप्त्याच्या दिवशी पैसे नसले की कंपनीचा माणूस बोलत नाही, तो नुसता बसून राहतो. गटातल्या बायका बोलतात, कारण भरायची वेळ त्यांच्यावर येते. शेजारणी त्या. माझ्यामुळं माझ्या बायकोला गल्लीत मान खाली घालायला लागते, याचा जो त्रास आहे तो मला कुठल्या कर्जाच्या आकड्याचा होत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या भागाचीच. मला कन्नड बोलायला येतं, धंद्यापुरतं फाड्‌फाड् येतं. वाचायला येत नाही. नोटीस कन्नडमध्ये येते. ती वाचून घ्यायला दुसऱ्याकडं जायचं म्हणजे माझं किती थकलंय ते त्याला कळणार. म्हणून काही नोटिसा मी फोडल्याच नाहीत. कपाटावर ठेवल्यात. त्यात काय आहे माहीत नाही म्हणून जास्त भीती वाटते.

पिग्मीवाला (टिळकवाडी)

वेल्डरदादा, मी गल्लोगल्ली पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा एजंट. माझा रोज कारागिरांशी संबंध येतो, म्हणून थोडं सांगतो.

पहिलं, नोटिसा फोडा. आता मोबाईलवर फोटो काढला की कन्नडचं मराठी होऊन येतं, कुणाला दाखवायला नको. भाषांतर तंतोतंत नसतं, खरं आकडा आणि तारीख कळते. नोटीस कोर्टाची निघाली तर मात्र लगेच वकिलाला दाखवा. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं पात्र माणसाला फुकट वकील मिळतो.

दुसरं, वसुलीला नियम आहेत. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम घातलेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास चालत नाही. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूमच काढला, पुढं त्याचा कायदा झाला. दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नोंदणी न करता कर्ज देणाऱ्यांवर तर तो जास्तच कडक आहे. त्याचा अर्थ कर्ज बुडवा असा नाही. दारात येऊन अपमान करायचा हक्क कुणाला नाही, एवढाच.

तिसरं माझ्या धंद्याचं वाटेल, तरी बोलतो. पेंटर-गवंड्यांचा पावसाळा भाकड जातो. गणपतीच्या आधी एकदम झुंबड, मग पितृपक्षात शांत. उन्हाळ्यात थोडी थोडी पिग्मी टाकून जून-जुलैला उचलणारे जे आहेत, ते मला पावसात चहाला थांबवतात. बाकीचे मला बघून गल्ली बदलतात. शिल्लक मोठी नसते, खरं दोन महिन्यांचं घरभाडं आणि किराणा निघतो.

उद्यमबाग_लेथ

पिग्मीवाले दादा, उपयोगाचं लिहिलंत.

जोडीला दोन कागद. बांधकामावर काम करणाऱ्यांनी लेबर कार्ड काढाच, काका तुमच्याकडं असेलच. गवंडीच नाही, प्लंबर, वायरमन, पेंटर, सुतार सगळे त्यात येतात. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो, अर्ज ऑनलाइन. अपघात, पेन्शन, मुलांचं शिक्षण याला त्याचा आधार मिळतो. दुसरं पीएम विश्वकर्मा. त्यात सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी असे १८ धंदे आहेत, तारण न देता आधी एक लाख आणि मग दोन लाख, ५ टक्के व्याजानं. प्लंबर, वायरमन आणि आमचा लेथ त्यात नाही, हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे. खाजगी व्याजाच्या विळख्यात असेल त्या सुतारानं आधी इकडं बघावं.

खानापूरचा_वायरमन

बाकी सगळं बोलून झालंय. माझा एकच मुद्दा, फोनचा. मी संध्याकाळी सातनंतर फोन घेणं बंद केलं. गिऱ्हाइकांना मेसेज टाकला, स्पार्किंग, शॉक, जळल्याचा वास असेल तर मेन स्विच पाडा आणि दोनदा फोन करा, मी येतो. बाकी उद्या सकाळी आठला. काही गिऱ्हाईकं गेली. वादळात लाइट गेली की रात्री बारा वाजता फोन करणारीच ती होती, आणि ते काम हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, माझं नव्हेच.

रंदा_पटाशी

सातनंतर बंद करायची हिंमत अजून नाही माझ्यात, खरं शेवटच्या हप्त्याचं मी आता वेगळं करणार. ट्रॉल्या बसवायच्या आधीच नव्वद टक्के पैसे, आणि काय काय तपासून घेतलं त्याच्यावर मालकाची सही. दार फुगण्याचं कोटेशनमध्येच लिहिणार. दर किती दिवसांपुरता ते पण. वहिनींच्या मिस्टरांची फोटोची युक्ती उचलतोय, मालक पुढं ‘हे आधीपासून खरचटलेलं होतं’ म्हणाला की भांडायला नको.

आणि डॉक्टरकडं जाणार आहे. सिस्टर, कुठं जावं? बेळगावात खाजगीची फी भारी वाटते. आणि मला मनातलं बोलायला मराठीच लागते. कन्नडमध्ये मी प्लायचा भाव करीन, रडायला जमणार नाही.

सिस्टर_खानापूर

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढून ओपीडीला बसायचं. बेळगावात मराठी समजणारे डॉक्टर, सिस्टर मिळतात, केसपेपर काढतानाच विचारा. धारवाडला ‘डिमहान्स’ ही याच कामासाठीची सरकारी संस्था आहे, खानापूरहून धारवाड तसं लांब नाही. तालुका हॉस्पिटलांत मनोविकार तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात, कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ नावानं मंगळवारची ओपीडी सुरू केली होती. तुमच्याकडं सध्या कुठल्या मंगळवारी असते ते आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असतं.

जायला जमत नसेल तर १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट. वीस भाषांत चालते, त्यात मराठी आहे. भाषा निवडायला सांगतात तेव्हा मराठी निवडा. बोलणं गुप्त राहतं. चोर्ल्याच्या पलीकडून पण लागतो हा नंबर.

चोर्ला_पलीकडे

काल रात्री लावला होता. मराठीत बोलल्या बाई. मध्ये मला बोलता येईना तर थांबून राहिल्या, फोन ठेवला नाही. शनिवारी घरी येतोय तेव्हा डॉक्टरला भेटणार आहे, दारूचं पण सांगणार आहे.

गवंडी_काका (हिंडलगा)

सगळं वाचलं. मी अजून म्हणतो की पैसे वेळेवर मिळाले तर निम्मी दुखणी होणारच नाहीत, तेवढं माझं राहू द्या.

खरं सिस्टर, एक विचारायचं आहे, जरा घाईचं. माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, चांगला गवंडी झालाय, आता स्वतःची छोटी कामं अंगावर घेतो. एका कामात बुडाला. महिनाभर गप्प गप्प होता. आज सकाळी साइटवर येऊन त्यानं आपली थापी, ओळंबा आणि नवीन घेतलेली लेव्हल पट्टी दुसऱ्या पोरांना वाटून टाकली. मी विचारलं अरे काय करतोस, तर म्हणाला, ‘काका, मला आता लागणार नाहीत.’ मला वाटलं गावाकडं शेती करायला चाललाय. हा धागा वाचल्यापासून जीव खालीवर होतोय. खोलीवर एकटा राहतो.

सिस्टर_खानापूर

काका, आत्ताच्या आत्ता त्याच्याकडं जा. फोन करून बघू, उद्या बघू असं करू नका. हत्यारं वाटून टाकणं ही मोठी धोक्याची खूण आहे.

गेल्यावर आडवळणानं विचारू नका. सरळ विचारा, ‘बाळा, जीव द्यायचं मनात येतंय का?’ विचारल्यानं माणसाच्या डोक्यात ते येतं, हा गैरसमज आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. ‘असं बोलू नये’, ‘आईबापाचा विचार कर’ असं काही म्हणू नका. नुसतं ऐका. तो हो म्हणाला किंवा उत्तरच दिलं नाही तर एक मिनिट एकटा सोडू नका, खोलीवर ठेवू नका, जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा, तो चोवीस तास उघडा असतो. दार उघडत नसेल तर ११२ लावा. वाटेत १४४१६ ला पण बोलता येईल. पोलिसांची भीती घालणारे भेटतील, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला आरोपी नाही, उपचाराची गरज असलेला मानलंय.

मी इथंच ऑनलाइन आहे.

गवंडी_काका (हिंडलगा)

निघालो. मच्छेला राहतो तो. माझी गाडी घरचा पोरगा घेऊन गेलाय, रिक्षा बघतो.

रंदा_पटाशी

काका, मच्छेपर्यंत रिक्षा नको. मी अनगोळातनं निघतोय, गाडी आहे. तिसऱ्या रेल्वे गेटाला या, तिथनं दोघं मिळून जाऊ. तोवर त्याला फोनवर बोलत ठेवा, कामाचं काही पण विचारत राहा.

निपाणीचा_वेल्डर

पोचलात की इथं दोन अक्षरं टाका. आम्ही सगळे जागे आहोत.